कुंकवाखालची गाठ

परत आल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो हेच विचारतो, लेणी पाहिली का? पाहिली. मकबरा? बाहेरून पाहिला, भर दुपार होती, कंटाळा केला. हिमरू शाल आणली का? आणली, ती बहिणीने दारातच उचलली. मग तुम्ही आल्यापासून अशा घुम्या का झालात, असं मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर मला ते उभ्या उभ्या सांगता येणार नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

मी गेले होते गाठी बघायला. मी कातडीची डॉक्टर. सगळं आयुष्य खरूज, नायटे, आणि लग्न ठरलंय तर रंग उजळून द्या म्हणणाऱ्या मुलींच्या आया, यांत गेलं. नसरीन माझी कॉलेजातली मैत्रीण. ती छत्रपती संभाजीनगरला हेच काम करते, फक्त माझ्या चौपट गर्दीत. तिचं कधीचं टुमणं होतं की सुलू, तू ये, आपण मिळून गाठींचे फोटो जमवू. लोक जिला चरबीची गाठ म्हणतात, ती. खरं तर तिच्यात चरबी नसतेच. वरची कातडी आत दुमडून तिची पिशवी होते आणि त्या पिशवीत मेलेल्या कातडीचा पांढरा लगदा साठत जातो, नासलेल्या पनीरसारख्या वासाचा. बहुतेक वेळा निरुपद्रवी. ओळखायची खूण म्हणजे गाठीच्या मधोमध बारीक काळा ठिपका असतो, त्या पिशवीचं तोंड.

आमच्या पुस्तकांत या ठिपक्याचे सुरेख फोटो आहेत, पण बहुतेक सगळे गुलाबी कातडीवरचे. सावळ्या, काळ्या, उन्हात रापलेल्या कातडीवर तो असा समोर येऊन उभा राहत नाही. मग गाठीला कुणी गळू म्हणतं, कुणी टीबी म्हणतं, आणि उलटंही होतं, भलत्याच गोष्टीला चरबीची गाठ म्हणून घरी पाठवतात. नसरीनचं म्हणणं, मराठा, मुसलमान, बंजारा, भिल्ल, जैन, सगळ्या तऱ्हांची कातडी आमच्या एका जिल्ह्यात आहे, तर असं पुस्तक आपणच का करू नये? मला पटलं. घरी तरी कोण वाट बघणार होतं माझी.

शहर

रात्रभर गाडीत अंग आंबलं होतं. उतरले तर थंडी अशी कोरडी की ओठ सोलून निघाले. आमच्या कोकणात जानेवारीतही हवेला ओल असते, इथं तोंडावरून हात फिरवला तर कागदासारखा आवाज येईल असं वाटलं. रिक्षावाल्याला शहराचं कुठलं नाव घ्यावं म्हणून मी जरा अडखळले, तर तोच म्हणाला, काहीही म्हणा ताई, रस्ते खराब ते खराबच. नसरीनच्या घरी त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं, त्यामुळे मैत्रिणीची गळाभेट पिंपं भरून झाल्यावर झाली. दुपारी तिने नान-खलिया केला. मी मासे खाणारी बाई, मटणाचं मला फारसं कौतुक नाही, पण त्या हळदीच्या रंगाच्या नानचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि लगेच दुसरा नान मागून घेतला.

संध्याकाळी तिच्या दवाखान्यात बसले आणि तिथं कौसाबाई भेटल्या.

त्या पेशंट म्हणून आल्याच नव्हत्या. त्यांचे यजमान रंगनाथराव यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिसला यायचे. अशा माणसांना अंगभर खाज सुटते, त्या खाजेच्या औषधासाठी ते नसरीनकडे येत. करमाडच्या अलीकडे त्यांचं गाव. कौसाबाई पन्नाशीच्या आतबाहेर, काटक, नऊवारी नेसलेल्या, आणि कपाळावर कुंकू एवढं की आधी ते दिसावं आणि मग बाई. जुन्या पद्धतीचं, खाली मेण लावून वर पिंजर दाबलेलं. नजर जरा ठरली तेव्हा कळलं की ते कुंकू सपाट नाही. खाली सुपारीएवढा उंचवटा आहे. आणि वास. पनीरचा वास मी ओळखते. हा तो नव्हता.

मी हसत हसत बोलायला लागले आणि बोलता बोलता त्यांच्या कानापुढे बोट फिरवलं. तिथं खड्यासारखं कडक काहीतरी लागलं. चरबीची गाठ कानापुढे असे खडे पाठवत नाही.

हळूहळू सगळं कळलं. दोनेक वर्षांपूर्वी कपाळावर हरभऱ्याएवढी गाठ आली होती. कुणी तरी दाबून पिळली, पांढरं काही निघालं. मग पुन्हा भरली तेव्हा नात्यातल्याच कुणी तरी तिच्यावर बिब्बा गरम करून लावला. एकदा नाही, दोनदा. कातडी जळली, काळी पडली, पण गाठ गेली नाही. मग कौसाबाई दोन डॉक्टरांकडे जाऊन आल्या. दोघांनी कुंकवाच्या कडेने दाबून बघितलं आणि चरबीची आहे, राहू द्या म्हणून सांगितलं. गाठ वाढत गेली तसं कौसाबाईंनी कुंकू वाढवत नेलं. नात्यातल्या बायका उलट कौतुक करायच्या, नवरा आजारी पण कुंकू बघा कसं ठसठशीत.

मी म्हटलं, कौसाबाई, मला खालची कातडी बघायची आहे. हे जरा पुसू या.

त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तुमचे मालक काय करतेत, बाई?"

मी टिकली लावते. नवरा गेल्यावरही लावते, मला आवडते म्हणून, आणि चिपळुणात मला कुणी विचारायची हिंमत केलेली नाही. खोटं बोलणं मला त्या क्षणी सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी बोलले नसते. म्हटलं, ते नाहीत. सहा वर्षं झाली.

कौसाबाईंनी माझ्या टिकलीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, जो त्यांच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होता. त्या उठल्या. राहू द्या, म्हणाल्या, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन गेल्या. कानापुढच्या खड्यातून सुईने थोडं काढून बघता आलं असतं, पण त्यानंतर त्या अंगाला हात लावू देणार नव्हत्या हे उघड होतं.

मी नसरीनवर जाम चिडले. महिनाभर ही बाई तुझ्या समोर येऊन बसते, तुला वास येत नव्हता? ती टेबलावरचा कापूस घडी करत राहिली. मग म्हणाली, "सुलू, माझं नाव नसरीन आहे. मी एका सवाष्णीला म्हणायचं, कुंकू पूस? आणि उद्या तिच्या नवऱ्याला काही झालं, तर?"

ती पुढे म्हणाली, आधीचे दोघे तर हिंदूच होते, त्यांनी कुठे पुसायला लावलं? त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. म्हणून तर या वेळी मी तुला घाईने बोलावलं गं. मला वाटलं तू सांगशील. तुझे यजमान नाहीत हे मी विसरलेच होते. आम्ही दोघी तिथं बसून होतो, दोघींच्या हातात मिळून शिक्षण भरपूर, आणि एक कपाळ पुसण्याइतका अधिकार कुणाकडेच नाही. मला स्वतःचा नाही, सगळ्या जगाचा राग येत होता.

सिल्लोड

दुसऱ्या दिवशी सिल्लोडला तपासणी होती, एका उर्दू शाळेत. वाटेत कापसाच्या टेंपोंची रांग लागलेली. कापूस इतका कोंबलेला की झाडांच्या फांद्यांना पुंजके लटकत होते. गाडीत माझी पिशवी आडवी झाली आणि भिंगाखाली लावायच्या जेलची बाटली सगळी माझ्या स्वेटरवर सांडली. ते जेल लावल्याशिवाय सावळ्या कातडीवरचा ठिपका भिंगातून धड दिसत नाही. मग नाक्यावरच्या दुकानातून खोबरेल तेलाची छोटी बाटली घेतली. दिवसभर तेच वापरलं आणि खरं सांगते, जेलपेक्षा बरं चाललं.

माणसं पुष्कळ आली. व्यापारी, शिवणकाम करणारे, शेतकरी, शाळेतल्या मास्तरीणबाई. बायका पडद्यामागेच दाखवायच्या आणि फोटो म्हटलं की चेहरा ओढणीत जायचा, फक्त गाठीपुरती खिडकी उघडी. एकाची गाठ टोपीखाली, एकाची मेंदीने लाल केलेल्या दाढीत, तिथली कातडीही लालभडक, सूज आहे की मेंदी हेच कळेना. जमीलचाचा म्हणून एक म्हातारे गृहस्थ आले. कपाळावर नमाजाचा काळा घट्टा, आणि त्याला लागूनच एक गाठ. मी घट्ट्याकडेच बघते आहे असं पाहून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, ओल्या रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ये सजदे का है डॉक्टरनी, इसकू नक्को छेडो. ये बाजूवाला देखो."

गाठ ताणून तेल लावलं आणि भिंगातून तोंड लख्ख दिसलं. साधी गाठ. मी त्यांना सांगितलं की घाबरायचं कारण नाही, तर म्हणाले, घाबरलो कुठे, सून मागे लागली म्हणून आलो. एरवी मी हसले असते. पण त्यांनी रुमाल फिरवून कपाळ कसं सहज मोकळं केलं तेच माझ्या डोळ्यांपुढून जाईना. जेवायला कुणाच्या तरी घरून ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी आली होती. आमच्याकडे भाताशिवाय जेवण झालं असं कुणी म्हणत नाही, इथं भात विचारायचा म्हणून विचारला. आमटी छान झणझणीत होती, आणि मला ती उतरत नव्हती.

परतताना नसरीनला म्हटलं, बघ, तो माणूस आपण न सांगता टोपी काढून देतो. ती म्हणाली, हो, कारण शेजारी मी होते, आणि मी त्यांची आहे.

वेरूळ

तिसऱ्या दिवशी वेरूळ. सकाळी गावात तपासणी, दुपारनंतर लेणी, असा बेत. तांड्यावरून आलेल्या एका बंजारा आजीच्या कपाळावर हिरव्या गोंदणाचे ठिपके होते आणि त्यांच्याच मधे गाठ. त्यातला कुठला ठिपका सुईचा आणि कुठला गाठीच्या तोंडाचा, हे शोधता शोधता माझी मान अवघडली. आजी कंटाळून म्हणाल्या की मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, गोंदणारणीने तीनच ठिपके दिले होते. चौथा आपोआप आलाय. आम्ही सगळे हसलो. त्या प्रवासातलं माझं बहुधा ते एकच खरं हसू.

तोवर आमच्या पुस्तकातलं मुख्य वाक्य मला कळून चुकलं होतं आणि ते फार साधं होतं. गाठ सगळ्यांची तीच. कातडीचा रंग बदलला तर भिंग आणि तेल पुरतं. डॉक्टर चुकतो तो रंगाने कमी आणि त्या कातडीवर माणसाने काय पांघरलंय त्याने जास्त. टोपी, मेंदी, गोंदण, बिब्ब्याचा डाग, कुंकू. आणि यातलं काय बाजूला करायला सांगायचं आणि काय नाही, हे कुठल्या पुस्तकात नसतं.

दुपारी लेणी पाहिली. पायऱ्या उतरताना पाय मुरगळला, म्हणून कैलास लेणं अर्धं सोडून बाहेर येऊन बसले. रस्त्याकडेला एका झाडाखाली देवीचं छोटं ठाणं होतं, शेंदराचे थरावर थर चढून नुसता तांबडा गोळा झालेला, चांदीचे डोळे तेवढे बाहेर. पुजारी तेल-शेंदूर लावत होता. मी विचारलं, आत मूर्ती कशी आहे? तो म्हणाला, माझ्या आज्यानंही बघितली नाय. मला एकदम तिथं बसवेना. मुरगळल्या पायाने लंगडत मी गाडीपाशी गेले आणि नसरीनला म्हटलं, उद्या करमाडची तपासणी तू एकटी सुरू कर. मी कौसाबाईंच्या घरी जाते.

ती म्हणाली, एकटी जाऊ नकोस, तपासणी दुपारी करू, मीही येते. जे व्हायचं ते दोघींसमोर होऊ दे.

करमाडजवळ

करमाडच्या रस्त्याला एका बाजूला कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि दुसऱ्या बाजूला ज्वारी. गाव रस्त्यापासून थोडं आत. घर सिमेंटचं, अंगणात बाज, बाजेवर रंगनाथराव उन्हाला बसलेले. माणूस मुळात धिप्पाड असणार, हाडांच्या मापावरून कळत होतं. चेहरा मातकट, डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर. आम्हाला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि मी ओरडूनच बसवलं त्यांना. कौसाबाईंनी पाणी आणलं, चहा टाकला, पण माझ्याकडे बघायचं टाळलं.

रंगनाथरावांशी मी सरळ बोलले. मला गोल गोल बोलता येत नाही. म्हटलं, तुमच्या खाजेसाठी आलो नाही. यांच्या कपाळावरची गाठ चरबीची नसावी. कानापुढे खडा आला आहे. कॅन्सर असू शकतो, नसूही शकतो, पण कातडी बघितल्याशिवाय आणि तुकडा काढल्याशिवाय मला सांगता येणार नाही. आणि त्या पुसू देत नाहीत.

त्यांना हे माहीतच नव्हतं. गाठ माहीत होती, पण कधीच बरी झाली असं बायकोने सांगितलं होतं. रोज पहाटे ते उठायच्या आत कुंकू लावलेलं असायचं. त्या घरात दोन माणसं, त्यातल्या एकाच्या आजारपणापुढे दुसऱ्याचं दिसेनासं झालेलं.

कौसाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या. म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा त्या यंत्रावर झोपवते ह्यांना. दर टायमाला वाटतं आज परत येते का नाय. मी काय करू शकते? औषध मला कळत नाय, रक्त मला देता येत नाय. एवढं एक हाये माझ्या हातात. ते बी पुसू?

नसरीन अंगणातल्या फरशीकडे बघत होती. ही बाई अडाणी नव्हती, हट्टी नव्हती. तिला जे एकच काम जमत होतं ते ती जीव लावून करत होती आणि त्या कामाखाली तिचं कपाळ सडत होतं.

मग रंगनाथराव म्हणाले, "कौसे, इकडं ये. बस."

त्या आल्या, बाजेपाशी खाली बसल्या. रंगनाथरावांनी तांब्या मागितला, खांद्यावरच्या टॉवेलचं टोक भिजवलं. मी म्हटलं, मेण पाण्याने निघणार नाही, आधी तेल लावा. माझ्या पिशवीत सिल्लोडची खोबरेल तेलाची बाटली होती ती दिली. उजव्या हाताच्या अंगठ्यावर तेल घेऊन त्यांनी बायकोच्या कपाळाला लावलं. कौसाबाईंनी डोळे मिटले आणि मंगळसूत्र मुठीत धरलं.

"मी जिता हाये," ते म्हणाले. "तुझ्या समोर बसलोय. कुणी दुसरी बाई नाय पुसत, मी पुसतोय."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी साक्षीला हायेत. उद्या मी मेलो तं किडनीनं मेलो. कुकवानं नाय. हिला सांगा."

मी हो म्हटलं.

कुंकू उतरलं, टॉवेल लाल झाला. खाली बिब्ब्याने जळलेली काळी कातडी आणि तिच्या मधोमध गाठीचं तोंड नव्हतं. खड्डा होता. कडा उचललेल्या, जाड, तळाला ओलं. मेणाखाली हे सगळं झाकून ही बाई रोज स्वयंपाक करत होती, नवऱ्याला अंघोळ घालत होती, शहराच्या बसमध्ये उभी राहून जात-येत होती. मला भिंगाची गरजच पडली नाही. नसरीनच्या गळ्यात कॅमेरा होता. तिने तो उचलला नाही आणि मीही सांगितलं नाही.

रंगनाथराव बघत राहिले. आजारी माणसाला रडायलाही ताकद लागते. त्यांनी फक्त विचारलं, "हे कधीपासून, कौसे?" कौसाबाई म्हणाल्या, आधी कुकू द्या. जखमेवर काही लावायचं नाही असं मी म्हटल्यावर रंगनाथरावांनीच कुंकवाची कोयरी मागवली आणि भुवयांच्या मधे, खड्ड्याच्या बरंच खाली, करंगळीने एक बारीक टिकली टेकवली. तशा त्या कितीतरी तरुण दिसल्या.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या वेळेला त्या नसरीनच्या दवाखान्यात आल्या आणि आम्ही कडेचा तुकडा काढला, कानापुढच्या खड्यातूनही सुईने थोडं घेतलं. त्याच संध्याकाळी माझी गाडी होती. निघताना मी त्यांच्या पाया पडले, वयाने मी मोठी असून. का पडले ते मला सांगता येणार नाही. त्यांनी ओशाळून पाय मागे घेतले.

परत आल्यावर

रिपोर्ट आला तेव्हा मी दवाखान्यात होते. कातडीचा कॅन्सर. मूळची साधी गाठ असावी, पिळून आणि जाळून तिची कायमची जखम झाली आणि त्या जखमेत हे रुजलं. कानापुढच्या खड्यातही तेच. शहरातल्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. कपाळाचा मोठा तुकडा काढला, मांडीची कातडी आणून तिथं बसवली, कानापुढचा खडा आणि मानेत पसरलेल्या गाठी काढल्या. नसरीन रोज जात होती. पुढे किरणांचा उपचार लागणार होता, आणि तो घेतला तरच थोडी आशा होती, असं तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

कौसाबाई घरी आल्या आणि पट्टी अजून सुटायची होती तोवर रंगनाथराव गेले. यंत्रावर नाही, घरीच, दुपारचे, बाजेवर. भावकीतल्या बायका जमल्या. रीतीप्रमाणे कुंकू पुसायला म्हणून पुढे झाल्या आणि कपाळावर नुसती पट्टी. पुसायला काही नव्हतंच. तेव्हा जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाली की हिनं तर आधीच पुसून ठेवलं होतं. हे नसरीनने मला फोनवर सांगितलं आणि मी एकटीच घरात उभी राहून त्या न पाहिलेल्या जाऊबाईला शिव्या दिल्या. मला शिव्या येतात, चांगल्या येतात.

कौसाबाईंनी किरणांना जायचं नाकारलं. कुणाशी बोलेनात. नसरीनने त्यांच्या कानाला फोन लावून दिला तेव्हा मी सगळं ठरवलेलं विसरले. म्हटलं, "कौसाबाई, मी साक्षीला होते. त्यांनी काय सांगितलं होतं ते मी ऐकलंय. तुम्हीही ऐकलंय."

मग त्या म्हणाल्या, "ते म्हणले व्हते. पण आता म्हणायला ते नाय ना, बाई." आणि फोन नसरीनच्या हातात परत दिला.

ते वाक्य घेऊन मी किती तरी दिवस फिरले. खोटं नव्हतं ते. माझंही सहा वर्षांपूर्वी काहीसं असंच झालं होतं, फक्त मी ते टिकलीखाली ठेवलं होतं.

गेल्या आठवड्यात नसरीनचा फोन आला. ती नेहमी आधी हालहवाल विचारते, त्या दिवशी नाही विचारलं. म्हणाली, कौसाबाई आपणहून आल्या. एकट्या, बसने. मालकांनी डॉक्टरीणबाईंना साक्षीला धरलं होतं, त्यांना खोटं पाडायचं नाही, एवढंच म्हणाल्या. उपचार सुरू झाला. मानेचं काय होईल ते अजून कुणालाच सांगता येत नाही, आणि मी डॉक्टर असल्यामुळे मला स्वतःला फसवताही येत नाही.

किरणं नेमकी कुठे द्यायची ते ठरवायला तिथं कपाळावर शाईने रेघा मारतात, लालसर शाईच्या. उपचार संपेपर्यंत त्या पुसल्या जाता कामा नयेत, नाहीतर सगळं माप पुन्हा घ्यावं लागतं. तशा रेघा घेऊन कौसाबाई गावात परतल्या. जाऊबाई दारातच होती. विधवा बाईच्या कपाळावर हे काय, म्हणून पदर ओला करून पुढे आली.

कौसाबाईंनी तिचा हात धरला. नसरीन म्हणते, त्यांनी स्वतः तिला हे सांगितलं, आणि सांगताना आवाज अजिबात चढवला नाही.

"हात लावू नको," त्या म्हणाल्या. "हे पुसायचं नाय."